यादीत नसलेले व्यसन

सप्तव्यसनांच्या यादीत तंबाखू नाही. द्यूत, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी आणि परस्त्रीगमन ही सात नावे पाठशाळेत जाणारे लहान मूलही एका दमात म्हणून दाखवते. पण विडी, चिलीम वा जर्दा यांचा त्यांत उल्लेख नाही. कारण साधे आहे. तंबाखूचे रोप मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या गलबतांतून ते आपल्या किनाऱ्याला लागले, तेव्हा आपल्या आचार्यांचे श्रावकाचारविषयक ग्रंथ लिहून कित्येक शतके उलटली होती. पुढे साधू-साध्वींनी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी तंबाखूला त्या सातांच्या पंक्तीस बसविले आणि समाजाने ते मान्य केले. यादी लहान असली तरी तिचे मर्म मोठे आहे: जे माणसाला स्वतःच्या ताब्यात राहू देत नाही, ते व्यसन.

आज पुन्हा तसाच प्रसंग आला आहे. या वेळी आलेल्या वस्तूत पान नाही, राख नाही, विस्तव नाही. दिसायला ती पेन ड्राइव्हसारखी किंवा रंगीत खुणेच्या पेनासारखी असते. तिच्यातून निघणाऱ्या वाफेला आंब्याचा, पुदिन्याचा नाहीतर कलिंगडाचा वास येतो. तिला मुले व्हेप म्हणतात, कायदा ई-सिगारेट म्हणतो आणि आईवडील बहुधा काहीच म्हणत नाहीत, कारण ती त्यांनी पाहिलेलीच नसते.

हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर हे कापूस, तूर आणि सोयाबीन पिकविणाऱ्या मुलखातले गाव. अशा गावांतील आपली घरे किराणा, कापड, धान्य, खते-बियाणे यांच्या व्यापारावर उभी राहिली. मुलांनी शिकावे म्हणून याच घरांनी त्यांना वर्ध्याला, नागपूरला, पुण्याला पाठविले. गावात पानठेला आहे आणि त्यावर काय मिळते हे बापाला ठाऊक असते. वसतिगृहाच्या खोलीत काय मिळते हे त्याला ठाऊक नसते. दिवाळीला मुलगा घरी येतो, आठ दिवस चिडचिड करतो, वारंवार गच्चीवर किंवा न्हाणीघरात जातो, पाणी पुष्कळ पितो, सकाळी उठल्याबरोबर बेचैन असतो. आई म्हणते, अभ्यासाचा ताण आहे. ताण असेलही. पण त्याच्या पिशवीत ती वस्तूही असू शकते. मुलगी असेल तर हा विचार घरात कोणाच्या मनालाही शिवत नाही, आणि म्हणूनच तिची अवस्था अधिक एकाकी होते.

या वस्तूबद्दल तरुण मंडळी जो युक्तिवाद करतात तो ऐकण्यासारखा आहे, कारण त्यात आपल्याच परिभाषेचा उपयोग केलेला असतो. विडी-सिगारेट पेटवावी लागते, त्यात अग्निकायाच्या जीवांची विराधना आहे. इथे तर ज्योतच नाही. तंबाखूचे पानही नाही. मग दोष कुठे? हा प्रश्न चतुराईचा आहे. त्यावर रागावण्यापेक्षा आत काय असते ते सांगावे. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, कृत्रिम स्वाद आणि निकोटीन यांचे द्रावण विजेच्या तारेने तापविले जाते. बाहेर येते ती पाण्याची निर्मळ वाफ नव्हे; अतिसूक्ष्म थेंबांचा तो फवारा असतो. त्यात फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्ये आणि तापलेल्या तारेतून सुटलेले निकेल, शिसे यांसारख्या धातूंचे कण सापडले आहेत. आणि निकोटीन म्हणाल तर ते तंबाखूच्या पानातूनच काढलेले किंवा प्रयोगशाळेत बनविलेले तेच विष. शेतीमालाच्या धंद्यातील जुन्या लोकांना आठवत असेल की निकोटीन सल्फेट हे एकेकाळी किडी मारण्याचे औषध म्हणून वापरले जात असे.

आज प्रचारात असलेल्या प्रकारची ई-सिगारेट २००३ साली होन लिक नावाच्या चिनी औषधनिर्मात्याने तयार केली. धूम्रपान सोडण्याचे साधन म्हणून तिची वाखाणणी झाली. इंग्लंडमधील आरोग्यसेवा तर आजही जुन्या, पक्क्या सिगारेटकरांना तिच्याकडे वळण्यास सांगते, कारण जळत्या तंबाखूच्या धुरापेक्षा तिचा अपाय कमी आहे. ही गोष्ट लपवू नये. मुलांनी ती वाचलेली असते आणि आपण अर्धेच सांगितले तर उरलेल्यावरही त्यांचा विश्वास बसत नाही. पण ज्याने आयुष्यात कधी सिगारेट ओढली नाही, अशा आपल्या घरातील एकोणीस वर्षांच्या मुलाला हा हिशेब लागू पडत नाही. त्याचा अपाय शून्यावरून वर गेलेला असतो.

निकोटीनचे प्रमाण हा यातील खरा कळीचा मुद्दा आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत ‘जूल’ नावाचे उपकरण आले. त्यात निकोटीन क्षाराच्या रूपात होते. त्यामुळे घशाला ठसका लागत नाही आणि नवशिक्यालाही मोठी मात्रा सहज ओढता येते. त्याच्या एका लहानशा कुपीतील निकोटीन साधारणपणे एका पाकिटातील वीस सिगारेटींइतके असल्याचे खुद्द कंपनीच सांगत असे. युरोपीय संघाने दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे. जूलच्या जोरकस कुपीत हे प्रमाण त्याच्या जवळजवळ तिप्पट होते. सिगारेट निदान विझते. हे उपकरण अंथरुणात, वर्गात, स्नानगृहात, कोठेही दोन झुरके घेऊन पुन्हा खिशात ठेवता येते. म्हणून आपण दिवसात किती ओढतो याचा अंदाज ओढणाऱ्यालाही राहत नाही. मानवी मेंदूची वाढ साधारण पंचविसाव्या वर्षापर्यंत चालू असते आणि त्या वयात लागलेली निकोटीनची सवय अधिक खोल रुजते. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या तीव्र विकाराची साथच उद्भवली. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ रुग्ण इस्पितळात दाखल झाले आणि ६८ दगावले. त्यांतील बहुतेकांनी गांजाचा अर्क व जीवनसत्त्व ई-युक्त तेल मिसळलेली द्रावणे वापरली होती असे पुढे निष्पन्न झाले. चोरट्या बाजारातील कुपीत काय भरले आहे हे विकणाराही सांगू शकत नाही, एवढा अर्थ मात्र त्यातून निघतोच.

आपल्या देशात तर सारा बाजार चोरटाच आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात हे सारे गुन्हे ठरले. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. व्यापारी घरांनी विशेष लक्षात ठेवावे असे कलम साठवणुकीचे आहे. नुसता माल साठवून ठेवल्यासही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाने मित्रांसाठी मागविलेले पार्सल दुकानाच्या पत्त्यावर उतरले, तर ती बालिश खोडी राहत नाही.

बंदीने प्रश्न सुटतो असे मात्र वर्धा जिल्ह्यातील माणसाने तरी म्हणू नये. गांधीजी आणि विनोबा यांच्या वास्तव्याने पावन झालेला हा जिल्हा जवळजवळ पन्नास वर्षे दारूबंदीचा आहे, आणि अवैध दारू पकडल्याच्या बातम्याही इतकीच वर्षे आपण वाचत आलो आहोत. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. विदर्भातला खर्रा त्यामुळे थांबला नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील सामुदायिक वैद्यकशास्त्र विभागाने जिल्ह्यातील ग्रामीण किशोरवयीनांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यांत सुमारे दोन-तृतीयांश मुलांनी आदल्या महिनाभरात कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतल्याचे आढळले, आणि त्यात खर्ऱ्याचा वाटा सर्वांत मोठा होता. व्हेप या जमिनीत येऊन पडते आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटणारा हात घरात कोणाचा तरी असतोच. आजोबांचा, काकांचा, दुकानातील माणसाचा. नातवाला व्हेपबद्दल बोल लावताना तोंडात खर्रा असेल तर ते बोल कोठवर पोहोचणार?

येथे आपल्या धंद्याबद्दलही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य येते. सुगंधी तंबाखू, जर्दा, सुपारीच्या पुड्या यांची घाऊक उलाढाल आपल्यातील काही पेढ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली, तिच्यातून धर्मशाळा बांधल्या, दानही दिले. तो इतिहास पुसता येणार नाही आणि त्या पिढ्यांना आज न्यायासनासमोर उभे करण्याचेही कारण नाही. पण आज गल्ल्यामागे बसलेल्या माणसाने मुलाला व्यसनाबद्दल काही सांगण्यापूर्वी फळीवर टांगलेल्या पुड्यांच्या माळांकडे एकदा पाहावे. मुले उपदेशापेक्षा फळी अधिक नीट वाचतात.

आता मुख्य प्रश्न: सापडले, तर काय करावे?

बहुतेक घरांत पहिली प्रतिक्रिया भीतीची असते, आणि ती भीती प्रकृतीची नसते, सोयरिकीची असते. समाजात समजले तर काय, संबंध जुळण्याच्या वेळी कोणी विचारले तर काय. म्हणून वस्तू फोडून टाकली जाते, फोन काढून घेतला जातो, मुलाला दम दिला जातो आणि विषय बंद होतो. विषय बंद झाला म्हणजे व्यसन बंद झाले असे नव्हे. मूल अधिक सावधपणे लपवू लागते, एवढेच.

आपल्या परंपरेत यापेक्षा पुष्कळ शहाणी वाट दाखविलेली आहे. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आणि स्थितीकरण अशी दोन अंगे आहेत. श्वेतांबर परंपरेत उपबृंहण आणि स्थिरीकरण ही नावे आढळतात. उपगूहन म्हणजे धर्ममार्गावरील माणसाच्या हातून घडलेल्या दोषाचा गवगवा न करणे. स्थितीकरण म्हणजे घसरत असलेल्याला पुन्हा पायावर उभे करणे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात उपगूहनासाठी जे उदाहरण घेतले ते एका व्यापाऱ्याचे आहे. ताम्रलिप्तीच्या जिनेंद्रभक्त श्रेष्ठींच्या सात मजली वाड्यात सर्वांत वर चैत्यालय होते आणि भगवान पार्श्वनाथांच्या छत्राला मौल्यवान वैडूर्यमणी जडविलेला होता. एक चोर क्षुल्लकाचा वेष घेऊन तेथे राहिला, त्याने श्रेष्ठींचा विश्वास संपादला आणि ते प्रवासाला निघताच रात्री मणी घेऊन पळाला. मण्याच्या तेजानेच तो उघडा पडला. पहारेकरी मागे लागले तेव्हा तो धावत श्रेष्ठींच्याच मुक्कामी येऊन पोहोचला. श्रेष्ठींनी सारे ओळखले; तरी लोकांसमोर म्हणाले की हा मणी माझ्याच सांगण्यावरून यांनी आणला आहे. लोक गेले. मग एकांतात त्यांनी त्या माणसाला त्याची चूक स्पष्ट शब्दांत सांगितली आणि रात्रीच त्याला निरोप दिला.

या कथेचे दोन भाग आहेत आणि आपण नेहमी एकच उचलतो. झाकणे आपल्याला जमते. एकांतात स्पष्ट बोलणे जमत नाही. नुसते झाकले तर ते उपगूहन राहत नाही, ती लपवाछपवी होते. आणि नुसते स्पष्ट बोललो, तेही काका-मामांच्या देखत, तर मूल आपल्या हातून जाते. दार लावून, आवाज न चढविता, ‘केव्हापासून, किती, कशामुळे’ हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये. हे लिहिणे सोपे आहे. करताना जीभ आवरत नाही, हे प्रत्येक बापाला ठाऊक असते.

स्थितीकरणाचे उदाहरण वारिषेण मुनींचे. त्यांचा मित्र पुष्पडाल त्यांच्यामागोमाग दीक्षित झाला; बारा वर्षे झाली तरी त्याचे मन मागे राहिलेल्या पत्नीभोवतीच घोटाळत होते. वारिषेणांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही. त्याला घेऊन ते राजवाड्यात गेले, स्वतः त्यागलेले सारे वैभव त्याच्यासमोर मांडले आणि हे तूच घे, असे म्हणाले. पुष्पडाल लाजला आणि स्थिर झाला. बारा वर्षे ही मुदत येथे लक्षात घेण्यासारखी आहे. बाहेरून सोडलेले आतून सुटायला वेळ लागतो, हे या कथाकारांना पुरते माहीत होते. आपण मुलाला पंधरा दिवस देतो.

याच जिल्ह्यातील सेवाग्रामात ज्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षे काढली त्या गांधीजींनी आपल्या आत्मकथेत लहानपणीच्या धूम्रपानाची हकिगत लिहिली आहे. काकांनी टाकलेली थोटके उचलून ओढण्यापासून सुरुवात झाली, मग विड्यांसाठी नोकराच्या खिशातील पैसे चोरले गेले. ती सवय सुटली. पण पुढे भावाचे कर्ज फेडण्यासाठी त्याच्याच कड्यातील सोन्याचा तुकडा काढण्याचा प्रसंग आला. तेव्हा मुलाने सारे एका चिठ्ठीत लिहून आजारी वडिलांच्या हाती दिले. वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, चिठ्ठी फाडून टाकली आणि ते पुन्हा आडवे झाले. त्यांनी हात उगारला नाही की शब्द उच्चारला नाही. तोंडाने सांगता येत नाही ते लिहून देता येते, हेही या प्रसंगातून घेण्यासारखे आहे. मुलाशी बोलणे जमत नसेल तर त्याला लिहावे आणि त्यालाही लिहू द्यावे. पुढे १८८८ मध्ये विलायतेला निघताना आईच्या समाधानासाठी त्यांनी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली. ती देवविणारे बेचरजी स्वामी जैन साधू होते. शिकायला दूर जाणाऱ्या तरुणाला व्रताची शिदोरी देण्याची ही रीत आपल्याकडे अजूनही आहे. फक्त ती देताना त्या तरुणाची स्वतःची इच्छा किती आणि घरच्यांची हौस किती, हे पाहिले जात नाही.

व्रताबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे, कारण आपल्या घरांतील तरुणांना व्यसन सोडविण्याचे सर्वांत मोठे साधन तेच आहे आणि सर्वांत अधिक दुरुपयोगही त्याचाच होतो. महाराजसाहेबांचे आगमन झाले की मुलाला पुढे ढकलायचे, चारचौघांत ‘आजीवन त्याग’ म्हणवून घ्यायचा आणि निःश्वास टाकायचा. तिसऱ्या दिवशी, म्हणजे निकोटीनची तलफ ऐन भरात असते तेव्हा, ते व्रत मोडते. मग व्यसनाच्या जोडीला पापाची टोचणी येते आणि ती टोचणी विसरायला पुन्हा तोच झुरका लागतो.

पण प्रत्याख्यानाची आपली पद्धत इतकी बोथट नाही. नवकारशी सूर्योदयानंतर दोन घटिकांची, म्हणजे ४८ मिनिटांची असते, पोरिसी प्रहराची. मुठसीचे पच्चक्खाण तर मूठ वळून नवकार म्हणून ती उघडीपर्यंतचे. शिवाय प्रत्येक पच्चक्खाणाला आगार असतात. विसरल्याने वा अचानक घडून गेलेल्या गोष्टीने ते मोडत नाही, हे त्यातच सांगितलेले असते. वैद्यकशास्त्र तलफेबद्दल काय सांगते ते यापुढे ठेवून पाहावे. निकोटीन थांबल्यावर काही तासांतच बेचैनी सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सर्वांत तीव्र असते आणि तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते. तलफेची एकेक लाट मात्र थोड्या मिनिटांचीच असते. ती टळली की टळली, मग पुढची येईपर्यंत उसंत. म्हणून ‘जन्मभर’ या शब्दाने सुरुवात करू नये. सकाळी उठल्यावरची पहिली तलफ नवकारशीच्या वेळेपर्यंत लांबवावी. मग एक सामायिक. मग दुपारपर्यंत. ज्याने पाठशाळेत मुठसी शिकली आहे त्याला ही युक्ती नव्याने शिकवावी लागत नाही; फक्त ती अन्नाऐवजी या वस्तूला लावायची. नियमाचे नेमके स्वरूप साधू-साध्वींना विचारून ठरवावे आणि ते मुलाने स्वतः, एकट्याने विचारावे.

पर्युषणात दिसणारी एक गोष्ट येथे नमूद करतो. तंबाखूची जुनी सवय असलेली माणसेही अठ्ठाई करतात आणि आठ दिवस कशालाही शिवत नाहीत. पारण्यानंतर मात्र संध्याकाळी पुन्हा पुडी उघडते. वास्तविक शरीराची सर्वांत अवघड घडी तोवर मागे पडलेली असते. आठ दिवसांची ती कमाई एका संध्याकाळी गमावली जाते, कारण पारण्याच्या दिवसाचा विचार कोणी आधी केलेलाच नसतो. तरुण मुलांच्या बाबतीत मात्र उलट सावधगिरीही हवी. सोडण्याचा पहिला आठवडा आणि दीर्घ उपवास एकत्र आणू नयेत. भूक आणि तलफ यांची सरमिसळ होते, चिडचिड दुप्पट होते. आणि डॉक्टरांनी निकोटीनयुक्त च्युइंगम दिलेले असेल तर ते उपवासात वा चौविहारानंतर घेता येत नाही.

औषधांची मदत घेण्यात कमीपणा नाही. निकोटीनचे च्युइंगम हे साध्या च्युइंगमसारखे चघळत राहायचे नसते. तिखट लागेपर्यंत हळू चावून गालात धरून ठेवायचे असते, नाहीतर निकोटीन पोटात जाते आणि मळमळते. व्हॅरेनिक्लीन नावाची गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच मिळते. तिची एक चाचणी अमेरिकेत १६ ते २५ वयाच्या, व्हेप ओढणाऱ्या २६१ जणांवर झाली आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. खरी गोळी आणि खोटी गोळी घेणाऱ्या दोन्ही गटांना समुपदेशन मिळत होते. बारा आठवड्यांच्या उपचाराअखेरीस गोळी घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के जण व्हेपपासून दूर होते, तर खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. सहा महिन्यांच्या टप्प्यावर हे आकडे २८ आणि ७ टक्क्यांवर आले. म्हणजे औषधाने फरक पडतो. आणि औषध घेऊनही पुष्कळ जण पुन्हा वळतात. दोन्ही गोष्टी आईवडिलांनी एकदमच लक्षात ठेवाव्यात.

याहून साध्या उपायाची कथा मला अधिक भावते. अमेरिकेतच १८ ते २४ वयाच्या २,५८८ तरुणांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांना रोज फोनवर एक लहान संदेश येई. हे संदेश सोडण्याचा प्रयत्न केलेल्या त्यांच्याच वयाच्या मुलांच्या अनुभवांतून तयार केलेले होते. सात महिन्यांनी संदेश मिळणाऱ्यांपैकी २४.१ टक्के जणांनी व्हेप सोडलेले होते, इतरांपैकी १८.६ टक्क्यांनी. फरक डोंगराएवढा नाही. पण त्यासाठी ना डॉक्टर लागला, ना इस्पितळ. आपल्या वयाचे कोणीतरी आपल्याला रोज विचारते आहे, एवढेच पुरे झाले. आपल्याकडे युवक मंडळे आहेत, सहलींचे आणि भक्तीचे गट आहेत, प्रत्येकाच्या फोनवर समाजाचे पाच-सहा समूह आहेत, आणि त्यांवर सकाळपासून जय जिनेंद्रचे फुलांचे फोटो फिरत असतात. सोडलेल्या एखाद्या मुलाने सोडू पाहणाऱ्या एकाला रोज रात्री ‘आज कसे गेले?’ एवढे विचारले तर कोणाचे काय जाईल? समूहावर नव्हे, दोघांतच. वात्सल्य हेही आठ अंगांतलेच एक अंग आहे, आणि ते फक्त साधर्मिक भोजनाच्या पंगतीपुरते सांगितलेले नाही.

पुन्हा एकदा ओढले गेले तर? जाईलच, असे धरून चालावे. आपल्या शास्त्रकारांनी दोषाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार आणि अनाचार. मनात येणे, त्या दिशेने वळणे, नियमाला डाग लागणे आणि नियम साफ टाकून देणे, असा तो ढोबळ क्रम. मित्राच्या खोलीत घेतलेला एक झुरका अतिचारात मोडतो. त्याची आलोचना असते, प्रायश्चित्त असते आणि व्रत पुढे चालते. घरचे लोक मात्र पहिल्याच झुरक्याला अनाचाराचा शिक्का मारतात, ‘तुझ्याने होणार नाही’ म्हणतात, आणि मूल ते खरे करून दाखवते. झुरका कुठे, कोणाबरोबर, कोणत्या वेळी घेतला गेला हे शांतपणे टिपून ठेवले तर पुढच्या वेळी ती जागा आणि ती वेळ टाळता येते. आचार्य महाप्रज्ञांच्या प्रेक्षाध्यानातील दीर्घश्वासाचा अभ्यास अनेक घरांत परिचित आहे. तलफेच्या वेळी पाच मिनिटे संथ, खोल श्वास घेण्याचा त्यापेक्षा सोपा पाठ दुसरा नसेल, कारण व्हेप ओढणाऱ्याला खोल श्वासाची सवय आधीच असते. फक्त त्यातून ती वस्तू काढून घ्यायची.

कधी कधी व्हेपच्या मागे वेगळेच काही असते. परीक्षेतील अपयश, एकटेपणा, झोप न लागणे, न सांगता येणारे काही. सोडल्यानंतर मुलगा किंवा मुलगी आठवड्यांमागून आठवडे उदास राहिली, जेवण-झोप उडाली, जगण्याविषयी निराशेचे बोल आले, तर ते तलफेच्या खात्यावर न टाकता मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. अल्लीपूर-हिंगणघाटच्या पट्ट्यातील कुटुंबांना त्यासाठी नागपूर गाठण्याची गरज नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. आणि ‘तिथे आपल्याला कोणी पाहील’ ही धास्ती असेल तर फोन आहेच. तंबाखू-निकोटीन सोडण्यासाठी केंद्र सरकारची निःशुल्क सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर मिळते; सिगारेटच्या पाकिटावरही तो छापलेला असतो. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाइलवर संदेशांद्वारे मार्गदर्शन सुरू होते. मनाच्या अस्वस्थतेसाठी टेलि-मानसचा क्रमांक १४४१६. तिन्ही क्रमांक मुलाच्या फोनमध्ये त्याने स्वतः साठवावेत, आणि आईवडिलांनी आपल्याही फोनमध्ये. कारण पहिला फोन बहुधा त्यांनाच करावा लागेल, आपण कसे बोलावे हे विचारण्यासाठी.